मे महिन्यातला फ्रीझ: ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं एक रिलीज

आमच्या प्रकल्पात यंदा कोड फ्रीझवरून, म्हणजे नवी आवृत्ती (रिलीज) बाहेर पडण्याआधी कोडमधले बदल थांबवण्यावरून, जेवढी वादावादी झाली तेवढी आधी कधीच झाली नव्हती. ती झाली हे बरं झालं, असं मला मनापासून वाटतं. रिलीजच्या तारखेबद्दल जे प्रश्न आम्ही कित्येक दिवस टाळत होतो, ते सगळे एकदम समोर आले आणि त्यातले निम्मे तरी सुटले.

ग्रंथालयाची रोजची कामं सांभाळणारं एक मुक्त सॉफ्टवेअर आम्ही काही जण मिळून लिहितो. दाखल नोंदवही, देवघेव, विलंब शुल्क, बारकोड, वाचकांसाठी पुस्तक शोधायचं पान, असा त्याचा पसारा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली काही कॉलेजं आणि तालुक्याच्या गावांतली काही सार्वजनिक वाचनालयं ते वापरतात. लिहिणारे सगळे आपापला पोटापाण्याचा धंदा सांभाळून लिहितात. धुळ्याचा एक मित्र दिवसभर घरून कंपनीचं काम करतो आणि रात्री आमचं. भुसावळचे एक सर कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतात. अमळनेरच्या ग्रंथपाल ताई मराठी भाषांतर आणि वापराची पुस्तिका बघतात. मी जळगावचा. यंदाच्या रिलीजची जबाबदारी सगळ्यांनी माझ्यावर टाकली होती.

पूर्वीची आमची पद्धत होती, ‘तयार झालं की सोडू’. ऐकायला हे फार रास्त वाटतं. प्रत्यक्षात व्हायचं असं, की पुढचं रिलीज कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाला आपलं काम याच खेपेत घालायचं असायचं. एकाचं आलं म्हणून दुसऱ्यासाठी थांबायचं, तेवढ्यात तिसऱ्याचं काहीतरी निघायचं. मोठ्या प्रकल्पांनीही हे भोगलंय. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची 3.0 आवृत्ती जुलै 2002 मध्ये आली आणि त्यानंतरची 3.1 थेट जून 2005 मध्ये. जवळपास तीन वर्षं. आमचा पसारा त्यांच्या मानाने कणभर, पण रोग तोच. एकदा तर नवी आवृत्ती ऐन जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत बाहेर पडली, आणि देवघेवीच्या खिडकीवर बसलेल्या माणसांना त्याचा त्रास झाला. त्या ग्रंथपालांनी आमच्यावर विश्वास टाकला होता. ती गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

म्हणून यंदा तारीख आधी ठरवायची आणि ती ग्रंथालयाचं कॅलेंडर बघून ठरवायची, एवढं मी धरून बसलो. 31 मार्चला हिशेब बंद होतात. सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदानाचे हिशेब द्यायचे असतात, त्यामुळे त्या महिन्यात त्यांच्या संगणकाला हात लावायची सोय नाही. एप्रिलमध्ये परीक्षा आणि ना-देय दाखल्यांची रांग. मे महिन्यात कॉलेजांमध्ये पुस्तकांची साठा पडताळणी. जून अर्धा झाला की नवे प्रवेश, नवी वाचक कार्डं. म्हणजे नवी आवृत्ती बसवायला निवांत वेळ मिळतो तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. त्यावरून 1 जून आणि 1 नोव्हेंबर अशा वर्षातून दोन तारखा मी मांडल्या. जूनच्या रिलीजसाठी 15 एप्रिलनंतर नवी सुविधा नाही, 1 मेनंतर पडद्यावरच्या मजकुरात बदल नाही, आणि 15 मेनंतर फक्त गंभीर बगची दुरुस्ती.

दार असं टप्प्याटप्प्याने लावायची कल्पना डेबियनचीच. आमचं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी डेबियनवरच चालतं, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक मी दरवेळी बारकाईने बघतो. डेबियन 13 साठी त्यांचे टप्पे 15 मार्च, 15 एप्रिल, 15 मे आणि 27 जुलै 2025 असे होते. आधी मोठ्या उलथापालथी थांबतात, मग नवी पॅकेजं, मग महत्त्वाच्या पॅकेजांमधला बदल परवानगीशिवाय जात नाही, आणि शेवटी कशालाही परवानगी लागते. 9 ऑगस्ट 2025 ला आवृत्ती बाहेर पडली. ‘तयार झालं की सोडू’ हे त्यांचं तत्त्व आजही कायम आहे, पण दार कधी लागणार हे सगळ्यांना कित्येक महिने आधी माहीत असतं.

तारखा मांडल्या आणि पहिला आवाज भुसावळच्या सरांनी उठवला. त्यांची तक्रार अगदी खरी होती. “मला वर्षभरात सलग वेळ मिळतो तो मेच्या सुट्टीत. तुम्ही दार एप्रिलमध्येच लावता. मग मी लिहायचं कधी?” आमच्यातले आणखी दोघे-तिघे शिक्षक आहेत, त्यांचंही हेच म्हणणं. हा मुद्दा मी आधी ऐकलेला नव्हता आणि कुठल्या मोठ्या प्रकल्पाच्या नियमावलीत तो सापडणारही नाही. पगारी लोक जिथे काम करतात तिथे फ्रीझ कुठल्या महिन्यात येतो याने फारसा फरक पडत नाही. जिथे माणसं फक्त सुट्टीत मोकळी होतात तिथे सुट्टीभर दार बंद ठेवणं म्हणजे त्यांना सरळ नको म्हणण्यासारखं आहे.

यातून मार्ग एकच होता. रिलीजची ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, 15 एप्रिललाच वेगळी काढायची आणि मुख्य ब्रँच नोव्हेंबरच्या कामासाठी उघडी ठेवायची. पण या मार्गावरही लोकांचं एकमत नसतं, आणि विरोधकांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. मुख्य ब्रँच उघडी राहिली की सगळे नव्या कामाकडे पळतात आणि रिलीजच्या ब्रँचचं टेस्टिंग करायला कोणी उरत नाही. लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, दोन आठवडे नवं काम घेतात, त्यानंतर दर आठवड्याला एक रिलीज कँडिडेट (तपासणीसाठीची कच्ची आवृत्ती) काढत साधारण सात-आठ वेळा नुसत्या दुरुस्त्या. पुढच्या खेपेचं काम त्या काळात वेगळ्या ठिकाणी जमत राहतं, पण मुख्य कोडमध्ये शिरत नाही. तसं करायला तिथे एकेक भाग सांभाळणारे शेकडो मेंटेनर आहेत. आम्ही मोजके. शेवटी असं ठरलं, की मे महिन्यात ज्याला आपला नवा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, रिव्ह्यूला द्यायचा असेल त्याने आधी रिलीजच्या ब्रँचमधला एक बग तपासून, तो आहे की नाही हे लिहून द्यायचं. सरांनी ते लगेच मान्य केलं आणि सुट्टीभर पाळलं. मेमध्ये भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी लाइटचा भरवसा नसतो, म्हणून ते पहाटे बसायचे. त्यांचे बगचे अहवाल सकाळी सातच्या आत आलेले असायचे.

खरी ठिणगी पडली ती धुळ्याच्या मित्राच्या कामावरून.

त्याने मोबाइलवरून साठा पडताळणी करायची सोय लिहिली होती. मांडण्यांसमोर उभं राहायचं, फोनच्या कॅमेऱ्याने पुस्तकामागून पुस्तकाचा बारकोड टिपत जायचं, कुठलं पुस्तक जागेवर नाही ते फोनच सांगणार. ज्यांनी वही घेऊन, धूळ खात, एक जण दाखल क्रमांक वाचतोय आणि दुसरा खूण करतोय अशी पडताळणी केली आहे, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको. आमच्या यादीत सगळ्यात जास्त मागणी तिलाच होती. पण पॅच आला फ्रीझच्या आदल्या रात्री, भलामोठा, आणि डेटाबेसमधल्या देवघेवीच्या टेबलला हात लावणारा.

मी म्हटलं, नोव्हेंबरला घेऊ. त्याचा फोन आला. मनातलं बोलायचं असलं की तो अहिराणीवर येतो. “भो, पुस्तकं मोजतस मे महिनामा, आन तू तारीख देस जूननी.”

त्याचं म्हणणं अगदी वर्मावर होतं. पडताळणी मेमध्ये होते, म्हणजे 1 जूनला बाहेर पडणारी सोय पुढच्या मेपर्यंत कामाचीच नाही, आणि नोव्हेंबरला आली तरी तेच. त्याला हवं होतं ते असं: ही एक सोय फ्रीझमधून सोडा आणि रिलीज एप्रिलअखेर काढा. तारीख हलवायला त्याच्याकडे दाखलाही होता. डेबियनवरूनच बनलेल्या उबंटू या ऑपरेटिंग सिस्टीमने 2006 मध्ये आपली एप्रिलची आवृत्ती सुमारे सहा आठवडे पुढे ढकलली, म्हणून ती 6.04 न होता 6.06 झाली, आणि त्याने काही बिघडलं नाही. मी उलट म्हटलं, ती तारीख पुढे गेली होती, नीट तपासायला वेळ मिळावा म्हणून. तू ती अलीकडे ओढतोयस.

दोघेही मग लिनक्समधल्या बीकॅशएफएस या फाइल सिस्टीमच्या (डिस्कवर फायली ठेवायच्या व्यवस्थेच्या) प्रकरणावर आलो. 2025 च्या जूनमध्ये, कर्नेलच्या 6.16 आवृत्तीच्या रिलीज कँडिडेटच्या काळात, ती लिहिणारे केंट ओव्हरस्ट्रीट यांनी तिच्यासाठी बिघडलेला डेटा परत मिळवायची नवी सोय पाठवली. त्यांचं म्हणणं होतं, लोकांचा डेटा जातोय, त्यासाठी लिहिलेला कोड नियमावर बोट ठेवून अडवू नका. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांचं म्हणणं, दुरुस्त्यांच्या काळात नवी सोय येत नाही. त्यांनी ते घेतलं खरं, पण पुढच्या खेपेला आपले रस्ते वेगळे होतील असंही लिहिलं. 6.17 मध्ये तो भाग बाहेरून सांभाळला जाणारा म्हणून नोंदला गेला आणि 6.18 मध्ये कर्नेलमधून निघाला. माझा मित्र यातून सांगत होता, की नियमाचा हट्ट धरला की चांगलं काम आणि चांगला माणूस दोन्ही हातचे जातात. मी सांगत होतो, की तिथला मूळ प्रश्न एका पॅचचा नव्हता. दरवेळी ‘हे अपवादात्मक आहे’ असं म्हटलं गेलं की अपवाद ठरवणाऱ्यावरचा विश्वास संपतो. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं. पण माणूस गमावण्याची त्याची भीती मी मनावर घेतली, कारण इथे तो माणूस तोच होता.

तेव्हा चोपड्याच्या एका ग्रंथपालांनी सुचवलं ते कामाला आलं. ते म्हणाले, “आमची पडताळणी मेमध्ये होणारच आहे. तुमची सोय आमच्याकडे वेगळ्या संगणकावर, डेटाची प्रत घेऊन चालवा. आम्ही वहीवरही मोजू आणि फोनवरही.” अमळनेरच्या ताईंनीही त्यांच्या कॉलेजचं एक कपाट देऊ केलं. म्हणजे रिलीजमध्ये न घेता ती सोय तिच्या खऱ्या हंगामात, खऱ्या मांडण्यांसमोर चालणार होती. मित्राला हे पूर्ण पटलं नाही, पण तो स्वतः गाडी काढून चोपड्याला गेला.

तिथे जे दिसलं ते मी त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण त्याने सगळं व्यवस्थित लिहून ठेवलं आहे. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत नेटवर्क पोहोचत नव्हतं. तशी वेळ येईल म्हणून फोन नोंदी स्वतःजवळ ठेवतो आणि नेटवर्क आलं की पाठवतो, हे त्याने आधीच लिहिलेलं होतं. पण सकाळी मांडणीवर टिपलेलं पुस्तक दुपारी एका प्राध्यापकांनी नेलं, देवघेवीत त्याची नोंद झाली, आणि संध्याकाळी फोनने आपली सकाळची नोंद पाठवली. त्या नोंदीने दुपारची देवघेव पुसली. पुस्तक प्राध्यापकांच्या घरी आणि संगणकात मांडणीवर. डेटाची प्रत होती म्हणून काही बिघडलं नाही. हे घरी बसून केलेल्या टेस्टिंगमध्ये सापडणं कठीण होतं, कारण त्यासाठी मागची खोली, दुपारी येणारे प्राध्यापक आणि संध्याकाळी सापडणारं नेटवर्क हे तिन्ही एकाच दिवशी लागतात. त्याने तिथेच बसून नोंदीची वेळ तपासायचा भाग लिहिला. आता ती सोय नोव्हेंबरच्या ब्रँचमध्ये मर्ज झालेली आहे आणि चोपड्याच्या ग्रंथपालांचं नाव श्रेयनामावलीत आहे.

मजकुराच्या फ्रीझबद्दल मात्र मला कोणाशीही तडजोड करायची नव्हती. कोड लिहिणाऱ्यांना बटणावरचे दोन शब्द बदलणं म्हणजे काहीच वाटत नाही. ताई मराठी भाषांतर करतात, आणि तेवढ्यावर त्यांचं काम संपत नाही. त्यांची पुस्तिका असते, प्रत्येक पडद्याचं चित्र असलेली, जी मेच्या मध्यावर छापायला जाते आणि ग्रंथालयातल्या लिपिकाच्या टेबलावर वर्षभर उघडी पडलेली असते. पडताळणीच्या दिवसांत एका नव्या मुलाने विलंब शुल्काच्या पडद्याची रचना सुधारली. पहिल्यापेक्षा ती चांगलीच होती, यात वाद नाही. पण त्यात बटणं जागची हलली आणि तीन ठिकाणचा मजकूर बदलला. ताईंनी मला एवढंच विचारलं, “भाऊ, छापलेल्या पानांचं मी काय करू?” लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोमसारख्या प्रकल्पात मजकुराचा फ्रीझ मोडायचा तर भाषांतर समन्वयकांची परवानगी मागावी लागते. आम्हीही तेच केलं. तो निर्णय ताईंचा, माझा नाही. त्यांनी नाही म्हटलं आणि विषय तिथे संपला. त्या मुलाशी मी नंतर बराच वेळ बोललो. त्याचा पॅच नोव्हेंबरच्या ब्रँचमध्ये त्याच आठवड्यात घेतला, कारण नवख्या माणसाला ‘पुढच्या वेळी’ असं सांगितलं की ती पुढची वेळ कधीच येणार नाही असं वाटतं. ती आली आहे हे त्याला डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

शेवटचा पेच मेच्या अखेरीस पडला, आणि तो फ्रीझच्या आधी रीतसर आलेल्या कामातला होता. शोध वेगवान करणारा एक बदल मार्चमध्येच मर्ज झाला होता. नीट तपासलेला, सगळ्यांना आवडलेला. रिलीज कँडिडेटवर काम करताना शहाद्याच्या एका वाचनालयातून कळलं, की सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांवरचं एक पुस्तक मांडणीवर आहे, नोंद आहे, पण शोधात येत नाही. मी ती नोंद उघडून एकेक अक्षर सुटं करून बघितलं. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एका तऱ्हेत खास ऱ असतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कोणी कुठला कीबोर्ड वापरला यावर काय लिहिलं जाईल ते ठरतं. जुना शोध दोन्ही तऱ्हा आधी एकसारख्या करून घ्यायचा. नव्याने वेग वाढवताना ती पायरी गळली होती. आमच्या नोंदींमध्ये असे शब्द किती असतील याचा अंदाज कोणाही मराठी वाचकाला करता येईल.

ज्याने तो बदल केला होता त्याचं म्हणणं, दोन दिवस द्या, दुरुस्त करतो. त्याने केलंही असतं. पण ती दुरुस्ती पुन्हा तपासायची कोणी आणि कधी? पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 3.13 आवृत्तीच्या वेळी असंच झालं होतं. नको असलेली मेमरी साफ करणारी नवी पद्धत आधीपासून आत होती, शेवटच्या टप्प्यात त्यामुळे वेग घटतो असं दिसलं, तेव्हा त्यांनी ती काढून टाकली, एक जादा रिलीज कँडिडेट काढला आणि तारीख 1 ऑक्टोबर 2024 वरून 7 ऑक्टोबरवर नेली. मी तोच मार्ग धरला. नवा शोध काढला, जुना परत बसवला, आणि सगळीकडे पुन्हा एकदा तपासून व्हावं म्हणून रिलीज 5 जूनला केलं. यावरूनही मला ऐकावं लागलं. मजकुरासाठी तारीख हलत नाही, पडताळणीसाठी हलत नाही, मग आता कशी हलली? माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: ही तारीख नवं काही आत घेण्यासाठी हललेली नाही. आत असलेलं काढल्यावर ते नीट निघालं का हे बघण्यासाठी हलली. 15 जूनच्या आत सगळीकडे आवृत्ती बसली पाहिजे, ही जी खरी मर्यादा होती, ती आम्ही पाळली.

या सगळ्यातून मला जे पक्कं कळलं ते फ्रीझपेक्षा त्याच्या पुढच्या तारखेबद्दल आहे. एप्रिलमध्ये माणसं इतकी भांडली कारण नोव्हेंबरवर कोणाचा विश्वास नव्हता. पूर्वीचा अनुभवच तसा होता. पुढची एसटी नक्की येणार हे माहीत असलं की सुटलेल्या गाडीमागे कोणी धावत नाही. आम्ही जो डेटाबेस वापरतो त्या पोस्टग्रेसमध्ये एप्रिलमध्ये नव्या कामाचं दार लागतं आणि राहिलेलं काम एक वर्ष थांबतं. शेवटच्या आठवड्यांत तिथेही घाई होतेच. पण वर्षानंतर दार उघडणार याबद्दल शंका नसल्यामुळे लोक थांबतात. आम्हाला तो भरवसा अजून कमवायचा आहे, आणि तो 1 नोव्हेंबरला रिलीज वेळेवर निघालं तरच मिळेल. त्यासाठीचा फ्रीझ 15 सप्टेंबरला आहे.

धुळ्याच्या मित्राने दरम्यान नवा प्रस्ताव ठेवला आहे. जूनची तारीख सोडून द्या आणि पुढच्या वर्षीपासून रिलीज 20 एप्रिलला करा, म्हणजे पडताळणीच्या सोयी त्याच मेमध्ये वापरात येतील. त्याला सरांचा पाठिंबा आहे, कारण मग फ्रीझ फेब्रुवारी-मार्चमध्ये जातो आणि मेची सुट्टी मोकळी होते. ताईंचा विरोध आहे. मार्चच्या हिशेबात आणि एप्रिलच्या ना-देय दाखल्यांत ग्रंथपालांना टेस्टिंगला वेळ कुठून मिळणार, असं त्या विचारतात. मी ताईंच्या बाजूने आहे. पण या खेपेला मी एकट्याने ठरवायचं नाही असं ठरलंय. ज्या ग्रंथालयांत हे सॉफ्टवेअर चालतं त्या सगळ्यांना दोन्ही वेळापत्रकं छापून पाठवली आहेत, आणि गणपतीपर्यंत त्यांची उत्तरं यायची आहेत. आतापर्यंत आलेल्यांत नंदुरबारकडच्या ग्रंथालयांनी एप्रिल मागितला आहे, जळगावकडच्यांनी जून.